लैंगिक कल आणि लिंगओळख : राजधानीतून मराठीत येणाऱ्या संज्ञांविषयी

लैंगिक कल आणि लिंगओळख या दोन संज्ञा मराठी वृत्तपत्रांत आणि शासकीय परिपत्रकांत आता वरचेवर आढळत असल्या, तरी त्या एकाच अर्थाच्या आहेत असे समजून वापरल्या जाण्याचे प्रमाण अजूनही मोठे आहे, आणि प्रस्तुत ग्रंथाचे प्रयोजन याच गोंधळात आहे. एखाद्या व्यक्तीला कोणाविषयी प्रेम, ओढ किंवा शारीरिक आकर्षण वाटते, या प्रश्नाचे उत्तर म्हणजे तिचा लैंगिक कल. आणि ती व्यक्ती स्वतःला स्त्री मानते, पुरुष मानते, की या दोहोंत न बसणारी मानते, या प्रश्नाचे उत्तर म्हणजे तिची लिंगओळख. पहिल्या प्रश्नाच्या उत्तरावरून दुसऱ्याचे उत्तर काढता येत नाही. जन्माच्या वेळी मुलगी म्हणून नोंदली गेलेली आणि पुढे स्वतःला पुरुष म्हणून ओळखणारी व्यक्ती स्त्रियांकडे आकृष्ट होऊ शकते, पुरुषांकडे होऊ शकते, दोहोंकडे होऊ शकते किंवा कोणाकडेच होत नाही. तसेच पुरुषांवर प्रेम करणारा बहुसंख्य समलैंगिक पुरुष स्वतःच्या पुरुष असण्याविषयी कोणत्याही साध्या संसारी गृहस्थाइतकाच निःशंक असतो. एवढी गोष्ट नीट समजली तरी या विषयावरील निम्मे गैरसमज दूर होतात; उरलेले निम्मे मात्र अधिक चिवट आहेत, कारण ते कायद्यात, वैद्यकात आणि शासकीय अर्जांच्या रकान्यांत रुतून बसलेले आहेत.

या संज्ञांचा विचार दिल्ली आणि राष्ट्रीय राजधानी क्षेत्राच्या संदर्भात करण्यामागे निश्चित कारण आहे. मुंबई-पुण्यातील कार्याची परंपरा जुनी आणि मोलाची आहे; ‘बॉम्बे दोस्त’ हे नियतकालिक १९९० साली मुंबईतून निघाले, हमसफर ट्रस्ट १९९४ साली तेथेच उभी राहिली, आणि पुण्यात बिंदुमाधव खिरे यांनी समपथिक ट्रस्टच्या कामाबरोबरच या विषयावर सातत्याने मराठीत पुस्तके लिहिली. तथापि कोणत्या शब्दाला कोणता कायदेशीर अर्थ मिळावा, ओळखपत्रावर कोणती अक्षरे उमटावीत आणि कोणते आकर्षण गुन्हा ठरावे किंवा ठरू नये, हे निर्णय टिळक मार्गावरील सर्वोच्च न्यायालयात, शेरशाह मार्गावरील दिल्ली उच्च न्यायालयात आणि केंद्रीय मंत्रालयांत होत आले आहेत. तेथे घडलेला शब्द हिंदी किंवा इंग्रजीतून मराठीत उतरतो आणि उतरताना अनेकदा त्याचा मूळ संदर्भ गळून पडतो. पहाडगंज-करोल बागेत पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या मराठी कुटुंबांत आणि शिक्षणासाठी वा स्पर्धा परीक्षांसाठी राजधानीत आलेल्या मराठी तरुणांत ही अडचण अधिक जाणवते. तरुण पिढीकडे ‘गे’, ‘ट्रान्स’, ‘क्वीअर’ हे शब्द तयार असतात, आईवडिलांकडे मात्र त्यांच्या जोडीला ठेवता येईल असा आदराचा मराठी शब्द बहुधा नसतो, आणि म्हणून घरातला संवाद शब्दांअभावीच अडतो.

प्रथम शरीरासंबंधीच्या संज्ञा पाहणे सोयीचे होईल. मूल जन्मते तेव्हा बाह्य जननेंद्रिये पाहून रुग्णालयात किंवा घरात ‘मुलगा’ किंवा ‘मुलगी’ अशी नोंद होते. या ग्रंथात तिला ‘जन्मनोंदीतील लिंग’ म्हटले आहे, कारण ती नोंद इतरांनी केलेली असते आणि ती चुकू शकते. काही बालकांची गुणसूत्रे, ग्रंथी, संप्रेरके किंवा जननेंद्रिये यांची रचना स्त्री आणि पुरुष या रूढ वर्णनांत पूर्णतः बसत नाही. अशा व्यक्तींना इंटरसेक्स किंवा आंतरलिंगी म्हटले जाते. हे वर्णन शरीराचे आहे, त्यावरून लिंगओळखही ठरत नाही आणि कलही ठरत नाही. ‘लिंगभाव’ ही याहून व्यापक, सामाजिक संज्ञा आहे: स्त्रीने कसे बसावे, पुरुषाने रडावे की रडू नये, कोणी कोणता पोशाख करावा, याविषयीच्या समाजाच्या अपेक्षांचा तो समुच्चय होय. पोशाख, केस, आवाज, हालचाल यांतून व्यक्ती जे प्रकट करते ती तिची ‘लिंगभाव-अभिव्यक्ती’, आणि तीही ओळखीहून वेगळी असते. मिशा ठेवणारा, कुस्ती खेळणारा पुरुष समलैंगिक असू शकतो आणि नाजूक चालीचा पुरुष तसा नसू शकतो. जन्मनोंदीतील लिंग आणि लिंगओळख यांचा मेळ न बसणाऱ्या व्यक्तींसाठी ‘ट्रान्सजेंडर’ किंवा ‘पारलिंगी’ हा व्यापक शब्द आहे, त्यात ट्रान्स पुरुष, ट्रान्स स्त्री आणि दोन्ही चौकटी नाकारणाऱ्या नॉन-बायनरी व्यक्ती येतात. ज्यांच्या बाबतीत असा मेळ बसतो त्यांच्यासाठी ‘सिसजेंडर’ हा शब्द रूढ होत आहे. हा शेवटचा शब्द अनेकांना अनावश्यक वाटतो, परंतु बहुसंख्यांना नाव नसेल तर ते ‘सामान्य’ आणि इतर ‘अपवाद’ ठरतात, म्हणून तो या ग्रंथात जाणीवपूर्वक स्वीकारला आहे.

लैंगिक कलाच्या संज्ञा त्या मानाने परिचित आहेत. भिन्नलैंगिक, समलैंगिक, दोन्हींकडे ओढ असणारा उभयलैंगिक आणि लैंगिक आकर्षण न वाटणारा किंवा क्वचितच वाटणारा अलैंगिक, असे हे चार मुख्य शब्द आहेत. स्त्रीसमलैंगिकांसाठी ‘लेस्बियन’ आणि पुरुषांसाठी ‘गे’ हे शब्द मराठीत आता स्थिर झाले आहेत. ‘समलैंगिक’ या कल्पनेचे युरोपीय नाव १८६९ साली कार्ल-मारिया केर्टबेनी या लेखकाने जर्मन भाषेतील एका पत्रकात प्रथम छापले, आणि ते प्रशियातील दंडकायद्याला विरोध करण्यासाठी छापले, ही बाब मुद्दाम नोंदवण्याजोगी आहे. हा शब्द रोगाचे नाव म्हणून जन्माला आला नव्हता, वैद्यकाने तो नंतर ताब्यात घेतला. अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेने १९७३ साली, आणि जागतिक आरोग्य संघटनेने १९९० साली, समलैंगिकतेला आजारांच्या यादीतून वगळले. लिंगओळखीच्या बाबतीत हे पाऊल पडण्यास आणखी काळ गेला: आजारांच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणाच्या अकराव्या आवृत्तीने, जी २०२२ पासून अमलात आली, पारलिंगी असण्याला मानसिक विकारांच्या प्रकरणातून बाहेर काढले. भारतात राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२२ साली लैंगिक कल किंवा लिंगओळख बदलण्याच्या तथाकथित उपचारांना व्यावसायिक गैरवर्तन ठरवले. आपले अपत्य ‘बरे’ करून घेण्यासाठी डॉक्टरांचे उंबरठे झिजवणाऱ्या पालकांपर्यंत ही माहिती पोचणे अत्यंत निकडीचे आहे.

दिल्लीतील सार्वजनिक चर्चेला मात्र वैद्यकाने नव्हे, तर एड्सच्या साथीने आणि पोलिसांनी तोंड फोडले. एड्स भेदभाव विरोधी आंदोलन या नागरिकांच्या गटाने १९९१ साली भारतातील समलैंगिकांच्या स्थितीविषयी एक अहवाल प्रसिद्ध केला, आणि ११ ऑगस्ट १९९२ रोजी, कॅनॉट प्लेसच्या सेंट्रल पार्कमधून पुरुषांना पकडून नेल्याच्या निषेधार्थ, दिल्ली पोलीस मुख्यालयासमोर निदर्शने केली. तिहार तुरुंगात कैद्यांना निरोध देण्यास प्रशासनाने नकार दिल्यानंतर याच गटाने १९९४ साली दिल्ली उच्च न्यायालयात भारतीय दंडसंहितेच्या कलम ३७७ ला आव्हान दिले. या काळात आरोग्ययंत्रणेने एक नवी संज्ञा प्रचारात आणली: ‘पुरुषांशी शरीरसंबंध ठेवणारे पुरुष’. राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेच्या कार्यक्रमांतून देशभर पसरलेल्या या संज्ञेत कलाचाही उल्लेख नाही आणि ओळखीचाही नाही; ती केवळ वर्तन सांगते. साथ आटोक्यात आणण्यासाठी ती उपयोगी होती, कारण पुरुषांशी संबंध ठेवणारे अनेक विवाहित पुरुष स्वतःला समलैंगिक म्हणवत नाहीत आणि त्या नावाने हाक मारल्यास दवाखान्याकडे फिरकत नाहीत. परंतु माणसाच्या प्रेमाला केवळ संसर्गाच्या जोखमीचे नाव उरले, ही तिची दुसरी बाजू होती. आणि या व्यवहारात स्त्रिया तर संपूर्ण अदृश्य झाल्या. त्यांचे अस्तित्व दिल्लीच्या रस्त्यावर ठळकपणे दिसले ते डिसेंबर १९९८ मध्ये, जेव्हा ‘फायर’ या चित्रपटाच्या प्रदर्शनावर हल्ले झाल्यानंतर रीगल चित्रपटगृहासमोर जमलेल्या निदर्शकांत काही स्त्रिया आपण भारतीय आहोत आणि लेस्बियनही आहोत असे सांगणारे फलक घेऊन उभ्या राहिल्या. अशा स्त्रिया भारतीय असूच शकत नाहीत, या आरोपाचे ते जाहीर उत्तर होते.

कलम ३७७ विषयी येथे थोडे थांबणे आवश्यक आहे, कारण या कलमाने कोणत्याही ओळखीचे नाव न घेता दीडशे वर्षे समलैंगिक आणि पारलिंगी या दोन्ही समूहांना एकाच भयाखाली ठेवले. मेकॉलेच्या आयोगाने आखलेल्या आणि १८६० साली मंजूर झालेल्या दंडसंहितेतील हे कलम निसर्गक्रमाविरुद्धच्या शरीरसंबंधाला शिक्षा सांगत होते; म्हणजे ते कृतीला लागू होते, परंतु पोलिसांच्या हाती ते पडले तेव्हा चालण्या-बोलण्यावरून, कपड्यांवरून, उभे राहण्याच्या जागेवरून संशय घेण्याचे साधन झाले. त्याच्या जोडीला १८७१ चा गुन्हेगार जमाती कायदा आला, आणि तेव्हा पंजाब प्रांतात असलेल्या दिल्लीलाही तो लागू होता. त्याच्या दुसऱ्या भागात हिजड्यांची नावे व मालमत्ता पोलिसांच्या नोंदवहीत लिहून घेण्याची, सार्वजनिक ठिकाणी स्त्रीवेषात दिसल्यास अटक करण्याची आणि त्यांना दत्तक घेण्यास व मृत्युपत्र करण्यास मनाई करण्याची तरतूद होती. एक कायदा कृतीविरुद्ध, दुसरा ओळखीविरुद्ध. व्यवहारात मात्र दोन्हींची गल्लत शासनानेच केली आणि समाज ती आजवर वाहत आला आहे.

नाझ फाउंडेशनने २००१ साली दाखल केलेल्या याचिकेवर २ जुलै २००९ रोजी दिल्ली उच्च न्यायालयाने दिलेल्या निकालाने सज्ञान व्यक्तींच्या संमतीने होणाऱ्या खासगी संबंधांपुरते हे कलम निष्प्रभ केले. मुख्य न्यायमूर्ती अजित प्रकाश शहा, जे मूळचे सोलापूरचे, आणि न्यायमूर्ती एस. मुरलीधर यांच्या त्या निकालाने लैंगिक कल हा घटनेतील ‘लिंग’ या शब्दाशी जोडला आणि कलावरून केलेला भेदभाव हा लिंगावरून केलेलाच भेदभाव होय असे ठरवले. ११ डिसेंबर २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सुरेश कुमार कौशल खटल्यात हा निकाल फिरवला, आणि तो फिरवताना समलैंगिक, उभयलैंगिक व पारलिंगी व्यक्ती या लोकसंख्येचा अत्यल्प अंश आहेत आणि दीडशे वर्षांत दोनशेहून कमी लोकांवर या कलमाखाली खटले चालले, असा आधार दिला. ज्या देशात लैंगिक कलाची गणना कधी झालेलीच नाही, तेथे संख्येवरून हक्क मोजणे हे तर्काला आणि घटनेला दोन्हींना सोडून होते. पाच वर्षांनी, ६ सप्टेंबर २०१८ रोजी, नर्तक नवतेजसिंग जोहर आणि इतरांच्या याचिकांवर पाच न्यायमूर्तींच्या पीठाने एकमताने तो निकाल रद्द केला. न्यायमूर्ती इंदू मल्होत्रा यांनी तर या समुदायाला आणि त्याच्या कुटुंबीयांना झालेल्या विलंबाबद्दल इतिहासाने क्षमा मागितली पाहिजे, अशा आशयाचे उद्गार काढले.

२०१३ आणि २०१८ च्या या दोन निकालांच्या मधल्या काळात लिंगओळखीचा प्रश्न स्वतंत्रपणे पुढे आला. राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाच्या खटल्यात, ज्यात ठाण्याच्या लक्ष्मीनारायण त्रिपाठी यांनीही हस्तक्षेप केला होता, न्यायमूर्ती के. एस. राधाकृष्णन आणि ए. के. सिक्री यांनी १५ एप्रिल २०१४ रोजी असे ठरवले की व्यक्तीने आपले लिंग स्वतः ठरवणे हा तिच्या प्रतिष्ठेचा भाग आहे, आणि त्यासाठी शस्त्रक्रियेचा आग्रह धरणे बेकायदेशीर आहे. म्हणजे चार महिन्यांच्या अंतराने त्याच न्यायालयाने एका व्यक्तीला तिची ओळख बहाल केली आणि तिचे प्रेम मात्र गुन्हा म्हणून कायम ठेवले. ‘ट्रान्सजेंडर’ या शब्दात समलैंगिक आणि उभयलैंगिक येतात काय, असा संभ्रम नंतर केंद्र सरकारने व्यक्त केला, तेव्हा ३० जून २०१६ रोजी न्यायालयाला ते येत नाहीत, असे स्पष्ट करावे लागले.

हा भेद केवळ व्याख्येपुरता नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने सुप्रियो खटल्यात दिलेल्या १७ ऑक्टोबर २०२३ च्या निकालात दिसून येते. त्या निकालाने विवाह हा मूलभूत हक्क नाही असे सांगून समलैंगिक जोडप्यांची विवाहाची मागणी नाकारली, परंतु भिन्नलैंगिक नात्यात असलेल्या पारलिंगी व्यक्तींना सध्याच्या कायद्यांनुसार विवाह करता येतो, हे मान्य केले. याचा अर्थ असा की एक ट्रान्स पुरुष आणि एक स्त्री यांचा विवाह नोंदवला जाऊ शकतो, दोन स्त्रियांचा नाही. घरमालक, बँक, विमा कंपनी आणि रुग्णालय यांच्यासमोर ही दोन जोडपी उभी राहिली, तर त्यांच्या आयुष्यातील फरक ज्या रेषेवर ठरतो ती रेषा कल आणि ओळख यांच्यामधून जाते. म्हणून ती रेषा समजून घेणे हा विद्वानांचा छंद मानता येणार नाही.

शासकीय अर्जात हा प्रश्न कसा उतरतो, हेही जवळून पाहण्यासारखे आहे. २०१९ साली संसदेने केलेला आणि १० जानेवारी २०२० पासून लागू झालेला ट्रान्सजेंडर व्यक्ती हक्क संरक्षण कायदा मूळ स्वरूपात स्वतः जाणवणाऱ्या लिंगओळखीचा अधिकार एका कलमात देत होता, परंतु पुढच्याच कलमांत त्यासाठी जिल्हा दंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करण्याची अट घालत होता. अर्ज, प्रतिज्ञापत्र आणि ओळखीचा पुरावा दिल्यानंतर मिळणाऱ्या प्रमाणपत्रावर ‘ट्रान्सजेंडर’ असे लिंग नोंदले जाई. ज्या व्यक्तीला ‘स्त्री’ किंवा ‘पुरुष’ अशी नोंद हवी असेल, तिला शस्त्रक्रियेनंतर रुग्णालयाच्या वैद्यकीय अधीक्षकांचे किंवा मुख्य वैद्यकीय अधिकाऱ्याचे प्रमाणपत्र जोडून पुन्हा अर्ज करावा लागे. २०१४ च्या निकालाने जो दरवाजा उघडला होता, त्याला अशी कडी बसली. २५ नोव्हेंबर २०२० रोजी सुरू झालेल्या राष्ट्रीय पोर्टलमुळे कार्यालयाच्या खेपा वाचल्या, ही सोय मान्य केलीच पाहिजे. पण जो तरुण स्वतःला केवळ पुरुष म्हणवतो, त्याला आपण आधी ‘ट्रान्सजेंडर’ आहोत असे शासनाला लिहून द्यावे लागणे, यातला सल त्या रकान्यात कोठेच मावत नाही.

त्यात भाषेने आणखी एक अडचण उभी केली आहे. या कायद्याच्या अधिकृत हिंदी नावात ट्रान्सजेंडर व्यक्तीसाठी ‘उभयलिंगी व्यक्ती’ असा शब्द योजला आहे. मराठी विद्यार्थ्याला हा शब्द वनस्पतिशास्त्राच्या धड्यातून परिचित असतो, जेथे पुंकेसर आणि स्त्रीकेसर दोन्ही असलेल्या फुलाला उभयलिंगी म्हणतात. शिवाय मराठी लेखनात अनेकदा हाच शब्द स्त्री व पुरुष दोहोंकडे ओढ असणाऱ्या व्यक्तीसाठीही वापरला जातो. अशा रीतीने एकच शब्द एका ठिकाणी शरीराचे, दुसऱ्या ठिकाणी कलाचे आणि तिसऱ्या ठिकाणी ओळखीचे वर्णन करतो, आणि दिल्लीहून आलेल्या पत्रकाचे घाईने भाषांतर करणाऱ्याच्या हातून तिन्ही अर्थ एकाच वाक्यात मिसळतात. प्रस्तुत ग्रंथात म्हणून ‘उभयलिंगी’ हा शब्द माणसांसाठी कोठेही वापरलेला नाही. महाराष्ट्र शासनाने स्वीकारलेला ‘तृतीयपंथी’ हा शब्द अधिक सुसह्य आणि लोकमान्य आहे, तथापि त्यातही एक मर्यादा आहे: अनेक ट्रान्स स्त्रिया आणि बहुतेक ट्रान्स पुरुष स्वतःला तिसऱ्या पंथाचे समजत नाहीत, ते स्त्री आणि पुरुष याच दोन पंथांत आपली हक्काची जागा मागतात.

नामकरण कोणी करावे, या प्रश्नाचे एक बोलके उदाहरण राजधानी क्षेत्रातच घडले. नोएडा मेट्रोच्या ॲक्वा मार्गिकेवरील सेक्टर ५० हे स्थानक पारलिंगी समुदायाला समर्पित करण्याचा आणि तेथे या समुदायातील कर्मचारी नेमण्याचा निर्णय २०२० साली झाला. हेतू निःसंशय चांगला होता. परंतु स्थानकासाठी प्रथम जाहीर झालेले नाव ‘शी-मॅन’ असे होते. ट्रान्स स्त्रियांना हिणवण्यासाठी वापरला जाणारा हा शब्द फलकावर येणार हे कळताच समुदायातून आक्षेप आले, आणि अखेरीस ऑक्टोबर २०२० मध्ये ते स्थानक ‘प्राइड’ या नावाने सुरू झाले. प्रशासनाने ऐकले ही समाधानाची गोष्ट आहे, आणि ऐकण्याची वेळ नाव ठरवण्याच्या आधीची असते, हेही त्यातून स्पष्ट होते.

कल आणि ओळख यांतील भेद कितीही आवश्यक असला, तरी तो दिल्लीच्या जुन्या शब्दांवर जसाच्या तसा बसत नाही, आणि या ग्रंथातील सर्वांत समृद्ध प्रकरणे याच विषयावरची आहेत. मेहरौलीच्या बाजारात, रस्त्यालगतच्या एका छोट्या दारातून आत गेल्यावर, लोदी काळातील हिजड्यांची खानकाह आहे. पांढऱ्या रंगाने स्वच्छ राखलेल्या कबरींचे ते अंगण जुन्या दिल्लीत तुर्कमान गेटजवळ राहणारा हिजडा समुदाय आजही सांभाळतो. म्हणजे ज्या शहरात या समुदायाला कायद्याने २०१४ साली मान्यता दिली, तेथे त्याच्या पूर्वजांच्या कबरी पाच शतकांपासून आहेत. ‘हिजडा’ हा शब्द म्हणून केवळ लिंगओळखीचा नाही. तो गुरू-चेला परंपरेचा, घराण्याचा, डेऱ्याचा, जन्माच्या आणि लग्नाच्या घरी बधाई मागण्याच्या हक्काचा, म्हणजे एका संपूर्ण समाजव्यवस्थेचा शब्द आहे. प्रत्येक ट्रान्स स्त्री हिजडा नसते, कारण तिने गुरू केलेला नसतो. आणि जन्माने इंटरसेक्स असलेली प्रत्येक व्यक्तीही हिजडा नसते, जरी लोकसमजूत अजून तशीच आहे. उत्तर भारतात सन्मानार्थ ‘किन्नर’ हा शब्द रूढ झाला असला, तरी स्वतःसाठी ‘हिजडा’ हाच शब्द अभिमानाने वापरणारेही पुष्कळ आहेत, ज्याची साक्ष लक्ष्मी यांच्या मराठी आत्मकथनाचे ‘मी हिजडा, मी लक्ष्मी’ हे शीर्षक देते.

‘कोती’ हा शब्द तर कल आणि ओळख या दोन्ही अक्षांना छेदून जातो. महाराष्ट्रात कोती आणि दिल्लीकडे कोथी म्हणून ओळखली जाणारी व्यक्ती जन्मनोंदीने पुरुष असते, तिच्या बोलण्या-वागण्यात स्त्रीत्व असते, तिची ओढ पुरुषांकडे असते आणि अनेकदा तिचे रीतसर लग्न होऊन तिला मुलेबाळेही असतात. तिच्या जोडीदाराला समुदायाच्या बोलीत पंथी किंवा दिल्लीकडे गिरिया म्हणतात, परंतु तो पुरुष स्वतःला क्वचितच त्या नावाने ओळखतो. जगाच्या दृष्टीने आणि स्वतःच्याही दृष्टीने तो केवळ पुरुष असतो. कोती हा कल आहे की ओळख, असा प्रश्न विचारणाऱ्याला समाधानकारक उत्तर मिळत नाही, कारण या शब्दात कल, अभिव्यक्ती, नात्यातील भूमिका आणि वर्ग हे सारे एकजीव झालेले आहे. इंग्रजी शिकलेल्या दक्षिण दिल्लीतील तरुणाने स्वतःला ‘गे’ म्हणावे आणि यमुनेपलीकडच्या वस्तीतील त्याच्याच वयाच्या व्यक्तीने ‘कोथी’ म्हणावे, यात शरीर किंवा मन यांच्याइतकाच शाळेचा, भाषेचा आणि मिळकतीचा भाग असतो. कायद्याला दोन अक्ष लागतात, आणि ते त्याने नीट सांभाळावेत. माणसांना मात्र त्या अक्षांवर टोचून बसवू नये, ही या ग्रंथाची भूमिका आहे, आणि ज्या ठिकाणी शास्त्रीय संज्ञा आणि व्यक्तीचा स्वतःविषयीचा शब्द यांत विरोध येतो त्या ठिकाणी व्यक्तीचाच शब्द प्रमाण मानला आहे.

मराठीला हा विषय परका नाही. र. धों. कर्वे यांनी १९२७ साली सुरू केलेल्या ‘समाजस्वास्थ्य’ मासिकात वाचकांच्या लैंगिक प्रश्नांना, त्यात समलिंगी संबंधांविषयीच्या प्रश्नांनाही, उत्तरे दिली, आणि अशा उत्तरांवरून १९३४ साली खटला झाला तेव्हा त्यांचे वकीलपत्र डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी घेतले. विजय तेंडुलकरांचे ‘मित्राची गोष्ट’ हे नाटक १९८१ साली रंगभूमीवर आले आणि स्त्रीच्या समलैंगिक प्रेमाला मध्यवर्ती स्थान मिळाले. सचिन कुंडलकर यांची ‘कोबाल्ट ब्लू’ ही कादंबरी एकाच तरुणाच्या प्रेमात पडलेल्या बहीण-भावाची कथा सांगते. सौंदत्तीच्या यल्लम्माला वाहिलेले जोगते हा तर सीमाभागातील जुना आणि गुंतागुंतीचा वारसा आहे. त्याच मराठीत ‘बायल्या’, ‘छक्का’ हे शब्द शाळेच्या मैदानावर आजही दगडासारखे फेकले जातात. दिल्लीतील राष्ट्रीय शैक्षणिक संशोधन आणि प्रशिक्षण परिषदेने २०२१ साली पारलिंगी मुलांना शाळेत सामावून घेण्याविषयी शिक्षकांसाठी मार्गदर्शिका तयार केली होती आणि आक्षेप येताच ती संकेतस्थळावरून उतरवली गेली. त्या मार्गदर्शिकेची सर्वाधिक गरज ज्या मुलांना होती, त्यांच्या बाजूने बोलणारी मोठी माणसे त्या वेळी फार थोडी होती.

तमिळनाडूने या बाबतीत वेगळा मार्ग घेतला. मद्रास उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती एन. आनंद वेंकटेश यांनी २०२१ सालच्या एका प्रकरणात या समुदायासाठी आदरयुक्त शब्दावली असावी असा आग्रह धरला, आणि समुदायाशी विचारविनिमय करून तयार झालेली तमिळ शब्दसूची राज्य शासनाने २०२२ साली राजपत्रात प्रसिद्ध केली. त्यामुळे तेथील वार्ताहराला, पोलीस ठाण्यातील हवालदाराला आणि शाळेतील शिक्षकाला कोणता शब्द वापरावा हे अधिकृतपणे कळते. मराठीला ३ ऑक्टोबर २०२४ रोजी अभिजात भाषेचा दर्जा दिल्लीतच जाहीर झाला, आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये डॉ. तारा भवाळकर यांच्या अध्यक्षतेखाली अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनही दिल्लीतच भरले. महाराष्ट्राच्या भाषा संचालनालयाने आजवर अनेक विषयांचे परिभाषा कोश तयार केले आहेत. त्याच संचालनालयाने तृतीयपंथी, ट्रान्स पुरुष, इंटरसेक्स, समलैंगिक आणि कोती व्यक्तींना समितीवर सन्मानाने बसवून या विषयाची अधिकृत मराठी शब्दसूची सिद्ध करावी, आणि तोवर वाचकांनी या ग्रंथातील संज्ञांतील उणिवा मोकळेपणाने कळवाव्यात, अशी विनंती आहे.